टिंब्याच्या डोक्यातल्या घड्या

भिंगरीला एखादं काम सांगावं आणि मग त्या कामाचीच दया यावी, असं तिचे बाबा म्हणायचे. झाडाला पाणी घाल म्हटलं की झाड पोहायला लागायचं. पेन्सिलीला टोक कर म्हटलं की शेवटी टोकच उरायचं, पेन्सिल गायब. तेव्हा बाळाच्या तपासणीच्या आदल्या दिवशी हॉस्पिटलातून फोन आला, "निघण्याआधी बाळाला जरा जागं ठेवा, म्हणजे इथे दूध पिऊन गाढ झोपेल," आणि आईने ते काम भिंगरीवर सोपवलं, तिथेच सगळा घोळ झाला.

बाळ म्हणजे टिंब्या. पोटात असताना सोनोग्राफीच्या पडद्यावर नुसतं एक टिंब दिसलं होतं, तेव्हापासून त्याचं हेच नाव. टिंब्याला जगात यायची भलतीच घाई. बाकीची बाळं नऊ महिने आरामात लोळतात, हा सातव्यातच हजर! त्यामुळे त्याचे पहिले कित्येक आठवडे काचेच्या पेटीत गेले. आता तो घरी आला होता, गाल जरासे गोबरे झाले होते, आणि खरं म्हणजे ज्या दिवसांत त्याने जन्माला यायचं ते दिवस आत्ता कुठे उजाडले होते. याच वेळी डॉक्टरांना त्याच्या मेंदूचं चित्र हवं होतं. एमआरआय. पोटाबाहेर राहूनही मेंदू नीट वाढला का, हे त्यातून बरंचसं कळतं म्हणे.

अडचण एवढीच, की बाळ हललं की चित्र पुसट. मोठ्या माणसाला "हलू नका" म्हणून सांगता येतं. टिंब्याला काय सांगणार, कप्पाळ? गुंगीचं औषध देता येतं, पण मधूनच श्वास घ्यायला विसरणाऱ्या या एवढ्याशा जिवाला ते देणं डॉक्टरांच्या जिवावर आलं होतं. म्हणून बेत असा ठरला: पोटभर पाजायचं, घट्ट गुंडाळायचं आणि त्याच्या स्वतःच्या झोपेत काम उरकायचं. आज जमलं तर जमलं. नाहीतर औषध.

आणि 'जरा जागं ठेवा' मधला तो 'जरा' भिंगरीच्या कानावरून साफ घसरून गेला.

ती उजाडल्यापासून टिंब्याच्या मागे लागली. त्याच्या पापण्या मिटायला लागल्या की ही सुरू. तळपायाला गुदगुल्या केल्या, एकोणीसचा पाढा म्हणून दाखवला, शाळेत कोण कोणाशी बोलत नाही याची इत्थंभूत माहिती दिली. एवढी बातमी ऐकल्यावर कोणाला झोप येईल? हॉस्पिटलात पोचेपर्यंत टिंब्याचे डोळे लाल, मुठी घट्ट, आणि ओठ थरथरत होते.

मशीनच्या खोलीशेजारी एक छोटी, मंद उजेडाची खोली होती. तिथल्या ताईंनी केस कापडाच्या पट्टीने बांधले होते, कारण त्या मशीनच्या जवळपास साधी पिनसुद्धा चालत नाही. मशीन चालवणं हे त्यांचं काम.

"सकाळपासून किती झोपला?" त्यांनी विचारलं.

"अजिबात नाही!" भिंगरीने छाती फुगवली. "एक डुलकीसुद्धा लागू दिली नाही मी!"

ताईंचा चेहरा पडला. "अगं बाई! एक डुलकीसुद्धा नाही? झोपेची वेळ टळली ना, की बाळं झोपत नाहीत. पिसाळतात."

टिंब्याने तेवढ्यात सूर लावला. अंगाच्या मानाने आवाज केवढा! आईने घेतलं, दोन घोट प्यायला आणि तोंड फिरवून पुन्हा रडायला लागला. बाबांनी खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या. "याला मशीनची काय भीती दाखवताय," ते म्हणाले, "हा ओरडला तर मशीनच बंद पडेल." कोणी हसलं नाही.

"अति तिथे माती," आई पुटपुटली. रागावली असती तर परवडलं असतं. पण ती टिंब्याच्या दुपट्याचा एक सुटलेला धागा बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

ताईंनी घड्याळाकडे पाहिलं. "अजून थोडा वेळ बघू. नाहीतर भूल देणाऱ्या डॉक्टरांना बोलवावं लागेल."

आपण डोळ्यांत तेल घालून पहारा दिला, आणि त्याचं हे फळ? करायला गेले एक! भिंगरीला एकदम ती काचेची पेटी आठवली. पेटीच्या बाजूला हात घालायच्या गोल खिडक्या होत्या. तिथल्या धिप्पाड सिस्टर दरडावून सांगायच्या, "थोपटायचं नाही, कुरवाळायचं नाही. एक तळवा डोक्यावर, एक पायांखाली. आणि मग दगड व्हायचं! आईच्या पोटात याला चारी बाजूंनी भिंत होती. आता भिंत तू." भिंगरी आणि दगड! घरी सगळे पोट धरून हसले होते. पण तिथे तिने ते रोज केलं होतं, नाक खाजलं तरी.

"आई," ती हळूच म्हणाली, "मी भिंत होऊ?"

आईने तिच्याकडे पाहिलं. मग टिंब्याला गादीवर ठेवलं.

भिंगरीने एक हात त्याच्या डोक्यामागून धरला, अगदी हलका. दुसऱ्या तळव्यात त्याचे दोन्ही पाय मावले. आणि ती थांबली. खरोखर थांबली. बाबा तोंडात बोट घालून बघत राहिले. टिंब्याने दोनदा लाथ मारली. लाथेला भिंत लागली. तिसऱ्यांदा पाय नुसताच टेकवला. रडण्याचे हुंदके झाले, हुंदक्यांचे उसासे. मग आईने उचलून पाजलं, तर गडी चुटूचुटू पोटभर प्यायला.

"आत कोण येणार त्याच्याबरोबर?" ताईंनी कुजबुजत विचारलं. "एकालाच येता येईल."

"हीच जाऊ दे," आई म्हणाली. "माझ्या अंगाला दुधाचा वास येतो. मी जवळ असले की हा पुन्हा चाचपडायला लागतो."

"मग अंगावरचा धातू सगळा बाहेर काढ, बेटा."

भिंगरीने केसांतल्या पिना काढल्या. मग आणखी पिना. मग खिशातून शिट्टी, किल्ली, आणि शेवटी एक कर्कटक.

"ही मुलगी आहे की हार्डवेअरचं दुकान?" बाबा म्हणाले. या वेळी ताई हसल्या. हसतच त्यांनी तिला बारीक बारीक प्रश्न विचारले, कधी ऑपरेशन झालंय का, दाताला तार आहे का, आणि मगच आत घेतलं.

टिंब्याच्या कानांत मऊ बोळे, वरून कानटोप. एखादा चिमुकला वैमानिकच! त्याला बारीक गोळ्या भरलेल्या पिशवीत गुंडाळलं, ताईंनी पिशवीतली हवा ओढून घेतली, आणि पिशवी त्याच्या अंगाच्या आकाराची टणक झाली. डोक्याभोवती छोटा पिंजरा आला. आता डोकं धरता येणार नव्हतं. पाय मात्र मोकळे होते. भिंगरीने बोगद्यात हात घातला आणि तळवा त्याच्या पायांखाली ठेवला. तिच्याही कानांवर टोप चढला.

मशीन सुरू झालं. आधी ठक ठक, मग घर्रर्र, मग कोणीतरी पलीकडून भिंत फोडतंय असं! कान झाकलेले असूनही तो आवाज दातांत शिरला. टिंब्याची बोटं तिच्या तळव्यावर आक्रसली. भिंगरी दगड. बोटं सुटली.

ताई मघाशी म्हणाल्या होत्या, हे मशीन कापत नाही, टोचत नाही. आत मोठं चुंबक आहे. बाळाच्या अंगातल्या पाण्याला ते हाक मारतं, पाणी ओ देतं, आणि त्या ओ देण्यावरून चित्र उमटतं. भिंगरीला तेव्हा ते खरं वाटलं नव्हतं. आता त्या धडधडाटात तिच्या हातावर दोन कोमट पाय निवांत पडले होते, आणि या क्षणी टिंब्याच्या आतलं सगळं पाणी ओ देत होतं. तिच्या अंगावर काटा आला. हात बधिर झाला, नाक खाजलं, आणि एकदा तर शिंक अगदी उंबऱ्यापर्यंत आली. तिने ती गिळली, पण खांदा हलायचा तो हललाच.

आवाज थांबला तेव्हा टिंब्या घोरत होता.

"एक चित्र जरा पुसट आलंय," ताई बाहेर आल्यावर म्हणाल्या. "मध्येच धक्का बसला."

"तो माझा," भिंगरी म्हणाली. "शिंक होती."

"असू दे. बाकीची सुरेख आलीत."

थोड्या वेळाने ही चित्रं वाचणारे डॉक्टर आले. सविस्तर अहवाल नंतर मिळेल, पण वरवर पाहिलेलं सांगतो, म्हणाले. पडद्यावर त्यांनी दोन चित्रं शेजारी शेजारी लावली.

"हे जुनं, तो पेटीत होता तेव्हाचं."

जुनं चित्र गुळगुळीत होतं. सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखं, इकडेतिकडे एखादी उथळ रेघ.

"आणि हे आजचं."

भिंगरी पडद्याजवळ सरकली. तिथे अक्रोड होता! वळणं, त्या वळणांना आणखी वळणं, दऱ्या, दऱ्यांत उतरणाऱ्या वाटा.

"कवटी एवढीशी," डॉक्टरांनी हातांनी दाखवलं, "आणि आत बसवायचं कापड मोठं, शिवाय रोज वाढणारं. घड्या घातल्याशिवाय मावणार कसं?"

"पण घातल्या कोणी?"

"त्यानेच."

"पण डॉक्टरकाका, तो तर नुसता पडून होता! झोपून! मी रोज बघत होते ना!"

"तू बघत होतीस तेव्हाच चाललं होतं सगळं."

भिंगरीला ते सगळे दिवस आठवले. काचेआड निपचित टिंब्या, बाहेर ती, भिंत झालेली, कंटाळलेली, हा उठतो कधी याची वाट बघणारी. आणि तिच्या तळव्याखाली, बोटभर अंतरावर, आवाज न करता, या दऱ्या खणल्या जात होत्या! जगातला सगळ्यात मोठा उद्योग तिच्या हाताखाली चालू होता, आणि तिला वाटत होतं, काहीच घडत नाहीये.

आई पडद्याकडे बघत होती. "म्हणजे?" तिने एवढंच विचारलं.

"म्हणजे या वयाला जशा घड्या पडायला हव्यात तशा पडल्यात. रक्तस्रावाची भीती होती, तो कुठे दिसत नाही. आता हा चालेल कधी, बोलेल कधी, ते चित्र नाही सांगत हं. ते तोच सांगेल. तपासण्या चालूच ठेवू. पण आज घरी आनंदाने जा."

आईच्या बोटाला गुंडाळलेला धागा तिथेच तुटला. ती हसली की रडली ते तिचं तिलाच कळलं नसेल. बाबांनी डॉक्टरांचा हात हातात घेतला आणि तो हलवतच राहिले.

बाहेरच्या बाकावर टिंब्या अजून झोपलेलाच होता. उजाडल्यापासूनची उधारी वसूल करत होता. त्याच्या टाळूला भिंगरीने आजवर कधी बोट लावलं नव्हतं. तिथे हाड नसतं या विचारानेच तिला धडकी भरायची. पेटीतसुद्धा ती जागा सोडून तळवा ठेवायची. आता तिने हात पुढे नेला, त्या मऊ जागेवर हलकेच टेकवला. खालून काहीतरी उडत होतं, थड, थड.

"भिंगरे, चल," आई पिशव्या उचलत म्हणाली. "निघायचं ना?"

"थांब ना गं आई. काम चालू आहे."

"तुझं? तू तर बसून आहेस नुसती."

"त्याचं," भिंगरी म्हणाली, आणि जराही हलली नाही.