मॅटीवरचा आलेख

नवरा, सुधीर, वारल्यानंतरचा पहिला मे महिना सरोजिनीने पलंगावर पडून काढला. वाशीतल्याच एका प्राथमिक शाळेत ती शिकवायची आणि शाळा चालू असली की पोरांच्या कलकलाटात तिचा दिवस निघून जायचा. सुट्टी लागली की मात्र सिडकोच्या त्या दोन खोल्यांत ती आणि तिचे सासरे, दोघंच. वामनराव कर्णिकांना ती नाना म्हणायची. त्या महिन्यात नानांनी हाक मारली तरी ती ओ देत नसे.

म्हणून पुढच्या वर्षी, शहाऐंशी सालच्या एप्रिलमध्ये, निकाल लागायच्या आधीच नानांनी तिला समोर बसवलं आणि सांगितलं की या सुट्टीत तिने शेअरबाजार शिकायचा. सकाळी आणि दुपारीही. रविवारसुद्धा सोडायचा नाही.

कारण त्यांनी डोळ्यांचं दिलं, आणि ते खोटंही नव्हतं. फोर्टातल्या एका शेअरदलालाच्या पेढीत त्यांची सगळी नोकरी झाली होती. निवृत्त झाल्यावरही ते पेपरात छापून आलेले भाव बघून ग्राफपेपरवर चार्ट काढत बसायचे. आता काचबिंदूने त्यांची नजर कडेकडून खात आणली होती. मला रेघ दिसेनाशी झाली की घरातलं कोण बघणार, असं त्यांनी विचारलं. सरोजिनीला नाही म्हणवेना.

पहिले काही दिवस तिने नुसत्या रेघा ओढल्या. आठवड्यातला सगळ्यात वरचा भाव आणि सगळ्यात खालचा भाव जोडणारी एक उभी रेघ; आठवडा संपताना भाव जिथे होता तिथे उजवीकडे एक बारीक काडी. नाना जुन्या पेपरांचे गठ्ठे काढून देत. ती कंपनीचं नाव झाकून ठेवायची आणि आकडे उतरवायची. नाव कळलं की माणूस प्रेमात पडतो, मग रेघ दिसत नाही, असं नानांचं म्हणणं होतं.

नंतर खोटी खरेदी-विक्री सुरू झाली. नाना विचारायचे, घेणार का? ती हो म्हणाली की लगेच दुसरा प्रश्न यायचा: चुकलीस तर कुठल्या भावाला विकून बाहेर पडणार? याचं उत्तर आधी दिल्याशिवाय ते पुढचे भाव वाचू द्यायचे नाहीत. सरोजिनी उत्तर द्यायची, पण भाव तिथवर उतरला की म्हणायची, अजून एक आठवडा बघू या ना. नाना रागवायचे नाहीत. पुन्हा पहिल्यापासून काढ, म्हणायचे.

एका सकाळी ते म्हणाले, चल, आज कागद नकोत. तिचा दंड धरून ते कांदा-बटाट्याच्या मार्केटमध्ये गेले. गोणींच्या थप्प्यांमधून ती त्यांना जपून नेत होती. एका गाळ्यासमोर दोन व्यापारी उभे होते. एकाने दुसऱ्याच्या हातावर रुमाल टाकला आणि रुमालाखाली दोघांची बोटं एकमेकांना भाव सांगू लागली. चेहरे कोरे. थोड्या वेळाने रुमाल निघाला तेव्हा सौदा झालेला होता.

"काय चाललंय ते सांग," नाना म्हणाले.

तिने सांगितलं. भाव कागदावर छापला जातो, पण तयार होतो तो असा दोन माणसांमध्ये, हे तिला दाखवायला त्यांनी आणलं होतं. पण ते ऐकताना त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे इथे डोळे लागतच नाहीत," ते हसून म्हणाले.

ते वाक्य सरोजिनीच्या डोक्यात बसलं. शाळेत ती मुलींना भरतकामही शिकवायची. घरी मॅटीचं कापड पडून होतं, ज्याच्या विणीतच बारीक चौकटी असतात. दुसऱ्या दिवशी तिने ग्राफपेपरवरचा एक चार्ट त्या चौकटींवर लोकरीने भरला. उभ्या रेघा लांब टाक्यांच्या, काड्यांच्या जागी छोट्या गाठी. कापड तिने नानांच्या मांडीवर ठेवलं. आधी त्यांना कळेना. मग बोटं डावीकडून उजवीकडे सरकू लागली, एका जागी थांबली, मागे गेली.

"भाव इथे टेकलाय," ते म्हणाले. "आणि इथे परत. दोनदा टेकून उठलाय, बघ."

तिने पाहिलं. तिच्या ते लक्षातच आलं नव्हतं. नाना बराच वेळ त्या कापडावरून हात फिरवत राहिले. त्या दुपारी चहा त्यांनी केला. थोडा सांडला, पण केला.

मग रोजचे चार्ट ती मॅटीवरच भरू लागली आणि पेपरातले भाव मोठ्याने वाचू लागली. वाचता वाचता तिला एक गोष्ट जाणवली. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कंपनीच्या नावाशी ती आली की नाना म्हणायचे, पुढचं वाच. सुधीर त्या कंपनीत इंजिनियर होता. त्याला तिथे नोकरी लागली तेव्हा नानांनी कौतुकाने कंपनीचे शेअर घेतले होते. सुधीर काविळीने गेला. शेअर तसेच राहिले.

सरोजिनीने विचारलं नाही. नाना झोपल्यावर तिने जुन्या पेपरांतून त्या कंपनीचे भाव काढले आणि कापडावर भरायला घेतले. रेघा एकसारख्या खाली चालल्या होत्या. हे आपण त्यांच्यापुढे ठेवावं की नाही, हे तिचं ठरत नव्हतं. शेवटी एका सकाळी तिने ठेवलं.

नानांची बोटं उतरत गेली. मध्येच थांबून ते म्हणाले, "इथे टेकू मोडला, आधी टेकला होता त्याच्याही खाली गेला. जो कोण धरून बसलाय त्याने इथेच निघायला हवं होतं."

त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून हात फिरवला, या वेळी फार हळू.

"सुधीरची कंपनी?"

"हो, नाना."

तिला वाटलं, आपण क्रूरपणा केला. ती कापड उचलायला वाकली, तर त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "विकले तर त्याचं काहीतरी विकल्यासारखं वाटेल, म्हणून धरून राहिलो. तू काय करशील?"

महिनाभर त्यांनी हा प्रश्न खोट्या सौद्यांसाठी विचारला होता. सरोजिनीने या वेळी एक आठवडा मागितला नाही.

"मी विकेन," ती म्हणाली. "माझ्यासुद्धा जिवावर येईल. पण विकेन."

त्यांनी मान हलवली. पेढीतून विक्रीचे कागद आले तेव्हा नानांना सहीची जागा दिसेना. तिने त्यांचं बोट धरून रेघेच्या सुरुवातीला टेकवलं, आणि त्यांनी पूर्वीसारखी लफ्फेदार सही केली.

शाळा सुरू झाली. आता भाव वाचायचं काम सकाळी, डबा भरून झाल्यावर असायचं. अशाच एका सकाळी तिला दिसलं की ती कंपनी वर चढली आहे. पुढच्या आठवड्यात आणखी. तिने दोन्ही वेळा ती ओळ गाळली. तिसऱ्यांदा नानांनीच विचारलं, सुधीरच्या कंपनीचं काय?

तिने मान खाली घालून भाव सांगितला. "माझं चुकलं, नाना. तुम्ही थांबला होतात तेच बरोबर होतं."

"त्या दिवशी समोर जे होतं ते नीट बघून ठरवलंस ना?"

"हो."

"मग झालं. शिकण्यासारखं एवढंच असतं. पुढचा भाव कोणालाच वाचता येत नाही गं." मग ते म्हणाले, "आणि चढतोय ते चांगलंच आहे की. त्याच्याबरोबर लागलेली पोरं आहेत अजून तिथे. विलास आहे, तुमच्या लग्नात आला होता तो. त्यांची घरं चालायला हवीत."

विलासचं नाव निघाल्यावर सरोजिनीला हसू आलं. लग्नात विलासने पंगतीत जिलब्यांची पैज लावली होती आणि सुधीर त्याला चोरून जास्तीच्या वाढत होता, हे तिने नानांना सांगितलं. नानांना हे ठाऊकच नव्हतं. मग ती सांगत गेली, सुधीरच्या शर्टांना कंपनीचा कसा वास यायचा आणि ती ते वेगळे कसे वाळत घालायची. दोन वर्षांत या घरात त्याच्याबद्दल इतकं कोणी बोललं नव्हतं. बोलता बोलता तिचे डोळे भरले, तरी ती थांबली नाही, आणि नानाही अधूनमधून विचारत राहिले, मग, मग काय म्हणाला?

शाळेला उशीर झाला. त्या दिवशीचे बाकीचे भाव वाचायचे राहूनच गेले.