चौथीची पाठराखण

ताईंना धुण्याचा भारी सोस. घरी भांडं दोनदा विसळल्याशिवाय फडताळात जायचं नाही, आणि प्रयोगशाळेत यीस्टच्या पेशीसुद्धा दोनदा शुद्ध पाण्यातून निघाल्याशिवाय सूक्ष्मदर्शकाखाली यायच्या नाहीत. शेजारच्या टेबलावरची सहकारी, जिला वाद घालायच्या खोडीमुळे सगळे वकीलबाई म्हणत, खुदखुदायची.

"ताई, आता पावडर लावून वेणीही घाला त्यांची."

अलीकडे मात्र हे हसणं आटलं होतं.

जनुकं वाचून त्यांतला मजकूर संदेशात उतरवणारं एक यंत्र पेशीत असतं, आरएनए पॉलिमरेज. यीस्टमध्ये ते बारा तुकड्यांचं असतं, आणि त्याचं काम चालतं केंद्रकात, म्हणजे पेशीच्या आतल्या खोलीत. त्यातल्या चौथ्या तुकड्याला प्रयोगशाळेत लाडानं 'चौथी' म्हणत. चौथी कुठे आहे ते दिसावं म्हणून ताईंनी तिला हिरवं चमकणारं प्रथिन जोडलं, तर ती त्यांना खोलीबाहेर पसरलेली दिसली! संदेश तयार झाला की चौथी नेहमीच त्याच्या सोबतीनं बाहेर पडते, असं त्यांनी मांडलं. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांनी लेख छापायला पाठवला. ताईंची कायम नेमणूक त्याच लेखावर अडून होती.

आणि वकीलबाईला मात्र त्याच पेशींत चौथी एकदाही बाहेर दिसेना.

"तुमच्याच डोळ्यांना बरी दर्शन देते," ती एकदा तोंडावर म्हणाली. आपल्या हातून कुणाची फसवणूक न होवो, एवढं एकच मागणं ताई रोज सकाळी हात जोडून मागत. आता हात जोडतानाही मन थाऱ्यावर नसायचं.

"कसला घोर लागलाय गं?" संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं. ताईंनी सांगितलं, जमेल तसं.

"म्हणजे पाठराखीणच की ही! नवरीच्या सोबतीनं जाते तशी."

"तसंच काहीसं, आई."

"मग माघारी कधी येते?"

चौथीला बाहेर बघून ताई इतक्या हरखल्या होत्या, की ती परततेय का हे बघायचं राहूनच गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी वकीलबाई स्टूल ओढून त्यांच्याजवळ येऊन बसली. "माझ्यासमोर करा. अगदी पहिल्यापासून."

ताईंनी पेशी नळीत घेतल्या, यंत्रात फिरवून तळाशी बसवल्या, वरचं अन्नद्रव्य ओतून टाकलं, पाणी घातलं. पुन्हा फिरवल्या. पुन्हा पाणी.

"थांबा. साधं पाणी?"

"शुद्ध आहे गं. दोनदा गाळलेलं."

"शुद्ध आहे, कबूल. पण त्यात खायला काय आहे?"

ताईंचा हात नळीवरच थांबला. अंघोळीच्या नादात त्या पेशींना उपाशी ठेवत होत्या. वकीलबाई कधी धुवायचीच नाही. तिच्या पेशी भरल्या पोटी काचेवर येत.

दोघींनी लगोलग निम्म्या पेशी पाण्यात धुतल्या, निम्म्या अन्नद्रव्यात. पाण्यातल्यांत चौथी बाहेर होती, आणि अन्नातल्यांत आत, गुपचूप.

वकीलबाईचा आवाज मऊ झाला. "ताई, तुमच्यावर उगाच संशय घेतला. आता एक करा. लेखात कृती लिहिलीय ना, तिथे 'दोनदा पाण्यात धुवा' एवढं घाला. मग माझंही जुळेल, कुणाचंही जुळेल. नेमणूकही होऊन जाईल."

तसं केलं असतं तर त्यात खोटं एक अक्षरही नव्हतं. म्हणूनच ताईंना त्याची भीती वाटली.

"आणि वाचणाऱ्याला वाटेल, ती रोजच बाहेर हिंडते," त्या म्हणाल्या आणि सरांच्या खोलीकडे निघाल्या.

"आत्ता सांगताय?" सरांनी कपाळाला हात लावला. "लेख तिकडे पोचल्यावर?"

"हो सर. 'नेहमीच' हे चुकीचं आहे. उपाशी ठेवलं तरच जाते. लेख मागे घ्यायला हवा."

"नेमणुकीचं माहीत आहे ना? यंदाची यादी निघतेय."

"माहीत आहे."

"मग तुमच्या हाती उरलं काय?"

"ती परत येते का, ते बघायचं उरलंय."

सरांनी लेख मागे घेतल्याचं कळवून टाकलं, तेही ताईंच्या देखत.

ताईंनी काचेवरच्या उपाशी पेशींना थेंबभर अन्नद्रव्य दिलं आणि डोळा लावून बसल्या. हिरवी चमक होती तशीच, विखुरलेली.

"रुसलीय वाटतं," वकीलबाई म्हणाली.

ताई हलल्या नाहीत. मान अवघडली, तेव्हा कुठे एका पेशीत हिरवं धुकं मध्याकडे सरकल्यासारखं वाटलं. मग शेजारच्या पेशीत. बघता बघता आतल्या खोल्यांत दिवे लागावेत तसे ठिपके उजळले. ताईंनी नकळत हात जोडले. वकीलबाईनं ते पाहिलं, आणि पहिल्यांदाच थट्टा केली नाही.

घरी सासूबाई वाट बघत होत्या. "नेमणुकीचं काय झालं?"

"राहिली, आई. यंदा तरी नाही."

सासूबाईंनी आमटी गरम करायला ठेवली. "आणि ती पाठराखीण?"

"पोटाला मिळालं तशी आली परत."

"बरं झालं. तूही बस आता. सकाळपासून उपाशी असशील."

ताईंनी ताट विसळलं आणि सवयीनं पुन्हा नळाखाली धरलं.

"स्वच्छ आहे गं ते," सासूबाई म्हणाल्या. "जेव."