मागच्या दारची कोरांटी

पौषातले कोवळे, हळदुले ऊन. सांगलीच्या त्या नव्या बंगल्यावर ते सावकाश उतरले, पायरी पायरीने, पान पान उजळत. पुढच्या दारी कुंड्यांची आरास: रक्तवर्ण गुलाब, शुभ्रवसना शेवंती, आणि कसल्याशा परदेशी नावांची, नाजूक देहांची, रोज पाणी मागणारी, रोज रुसणारी फुले.

आणि मागच्या दारी, धुण्याच्या दगडापाशी, कोरांटी.

पीतपुष्पा, कंटकधारिणी, आटपाडीच्या उजाड माळावरची कोरांटी. वास्तुशांतीला वैजयंताच्या आईने, इंद्राबाईने, ती तेलाच्या डब्यात लावून, मांडीवर धरून एसटीने आणली होती. "हिचं काय बी करावं लागत न्हाय, वैजू. पानी दिलं तरी जगती, न्हाय दिलं तरी जगती."

वैजयंताने ती कुंडीत लावली आणि मागे नेऊन ठेवली. काटेरी झाड दारात असले की घरात भांडणे होतात, असे तिने शेजारणींना सांगितले. गुलाबाच्या काट्यांना मात्र हा नियम नव्हता!

आई येणार असा फोन आला, की कुंडी पुढच्या पायरीवर येई. आई गेली, की कुंडी मागे जाई. झाडाला तोंड नसते, म्हणून सगळे निभावत होते. आषाढानंतर आई आलीच नव्हती.

आज संक्रांतीचे हळदीकुंकू. दिवाणखान्यात रेशमाची सळसळ, अत्तराचा दरवळ, बांगड्यांची किणकिण. आणि नेमकी आजच, गावची जीप मिळाली म्हणून, फोन न करता इंद्राबाई आली. दारातली चपलांची रास पाहून ती थबकली. विधवेने अशा बैठकीत जाऊ नये, हे तिला कुणी सांगण्याची गरज नव्हती. पदर सावरून ती बंगल्याला वळसा घालून मागे गेली.

वैजयंता दूध तापवायला स्वयंपाकघरात आली, आणि मागच्या दारातून तिला आई दिसली. पिवळ्याधमक बहरापाशी उकिडवी बसलेली. आईचा हात कुंडीच्या बुडाशी होता. तिथून मुळे बाहेर पडून जमिनीत खोल उतरली होती.

"लई दिस झालं हिला हितं," आई म्हणाली. ती रागावली असती तर फार बरे झाले असते.

वैजयंताचे कान तापले. आत ये, एवढेच तिला म्हणायचे होते. तेवढ्यात दिवाणखान्यातून हाक आली, "वैजयंताताई, कोण आलंय हो मागे?"

"कुणी नाही," तिची जीभ बोलून गेली. "फुलं द्यायला बाई आलीये."

लाज तळव्यांपासून चढली. थेट डोळ्यांपर्यंत. कढत, मुकी, आवरता न येणारी लाज. जन्मदात्रीला ती बाई म्हणाली होती, आणि आईने ते ऐकले होते.

इंद्राबाई कोरांटीकडे वळली. एक फूल, आणखी एक फूल, काट्यांतून हात घालून आणखी एक. पदर भरला, तशी ती उंबऱ्याशी आली. आत तिने पाऊल टाकले नाही.

"घ्या, ताई, फुलं," ती म्हणाली, आतल्या बायकांना ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात.

वैजयंताने ओंजळ पुढे केली. आई फुले घालत राहिली, सावकाश, मूठ मूठ, ओंजळ ओसंडेपर्यंत. आणि लेकीची मान काही वर झाली नाही.