सिल्वीच्या अक्षराची पॅस्टी

नोव्हेंबरात मिशिगनच्या त्या वरच्या टोकाला लग्न काढू नये आणि शक्यतो मरूही नये. खांदा द्यायला गावात पुरुष सापडत नाहीत, सगळे हरणांच्या मागे रानात गेलेले असतात. आर्वो निएमी आणि त्याचा मुलगा रेनो दरवर्षी जात. त्यांच्या कॅम्पाचा, म्हणजे रानातल्या शिकारीच्या खोपटाचा शिधा, आई गेल्यापासून, आर्वोची मुलगी सिल्वी करत आली होती. वाटाण्याचं सूप, वेलदोड्याचा पाव आणि मुख्य म्हणजे पॅस्टी. मैद्याच्या पारीत मांस, बटाटा, कांदा नि पिवळा शलगम भरून भाजलेली ही करंजीची दांडगी थोरली बहीण.

पॅस्टीच्या एका टोकाला पिठाचं अक्षर चिकटवायचं, ज्याच्या त्याच्या नावाचं. खायचं दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे अर्धी उरली तरी कुणाची ते कळतं. आर्वोच्या कॅम्पात मात्र या अक्षराला जास्त मान होता. ज्याच्या अक्षराची पॅस्टी, त्याची खाट. शेजारचा व्हर्नन कित्येक वर्षं नुसता लाकडं फोडायला जायचा. पॅस्टीवर त्याचं अक्षर पडलं तेव्हा कुठे तो कॅम्पाचा झाला.

सिल्वीला कॅम्पाला जायचं होतं. लहानपणापासून जायचं होतं. नेम तिचा रेनोपेक्षा बरा, शिकारीचा परवाना ती दरवर्षी काढायची आणि शेताच्या कडेला हरणाची वाट बघत एकटीच बसायची. विचारलं की आर्वोचं उत्तर ठरलेलं, "तू आलीस तर जेवणाचं कोण बघणार?" यंदा सुपाच्या पिशव्या गोठवायला ठेवताना तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जेवणाचं तर सगळं आधीच होऊन जातं. मग मागे राहून मी राखण कशाची करते? तिनं उरलेल्या पिठाचं 'स' वळलं आणि एका पॅस्टीला चिकटवलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी रेनो शिध्याची पेटी भरत होता, आर्वो शेजारी उभा होता. तळाला गोठलेली सूपं, तीच बर्फाचं काम करतात, आणि वर पॅस्टी.

"ताई, ही 'स' कोण गं? व्हर्ननने बाई ठेवली की काय?"

"माझी आहे ती."

"मग आम्हाला रांधून कोण घालणार?"

"रांधून झालंय. तुझ्या हातात आहे ते काय? ते गरम करायला माणूस लागतं का तुला?"

"आणि आमचं घोरणं?"

"भिंतीपलीकडून जन्मभर ऐकतेच आहे."

रेनो हसला. आर्वो हसला नाही. त्यानं पेटीतून ती पॅस्टी उचलली, फ्रीजरपाशी गेला आणि दार उघडून उभा राहिला. म्हातारा हो म्हणेल अशी आशा तिनं मनाशी धरली होती, ती आता तिची तिलाच बोचू लागली.

"तुझ्या आईनंही एकदा केली होती," तो पाठमोराच म्हणाला. "तिच्या अक्षराची. मी इथेच परत ठेवली."

"मग?"

"मी कॅम्पाहून आलो त्या दिवशी तीच गरम करून वाढली मला. अक्षर तेवढं खरवडून काढलं होतं."

रेनोनं मान खाली घातली. आर्वोनं फ्रीजर बंद केला, परत आला आणि पॅस्टी सगळ्यांच्या वर ठेवली. पहिल्या रात्री हाताशी लागेल अशी.

"पहाटे निघायचं," तो म्हणाला. "आणि सांगून ठेवतो पोरी, उरलेली खाट वरची आहे. तिथे गळतं."

"ताडपत्री घेतलीय, बाबा," सिल्वी म्हणाली. सकाळीच तिनं ती बांधून दाराआड ठेवली होती.