जरा डावीकडे

पुतळीचा डावा हात काही केल्या खांद्यात बसेना. काचवाले काका गुडघे टेकून तो फिरवत होते, दाबत होते आणि मधूनमधून तिची समजूत काढत होते.

"बाईसाहेब, सेल तुमचा आणि झोपमोड माझी. आता तरी नखरे पुरेत."

हात खट्कन बसला. चार मजल्यांच्या त्या दुकानात सगळे त्यांना काचवाले काका म्हणत, कारण त्यांचा उभा जन्म रस्त्यालगतच्या मोठ्या काचेमागे पुतळ्यांना कपडे चढवण्यात गेला होता. आज वसंतातला सेल उघडायचा होता. काकांनी छतापासून कापडाचे लांब पट्टे सोडले होते, फिकट पिवळे, कोवळे पोपटी, निळे. खाली चादरी, टॉवेल, पडद्यांच्या कापडाचे तागे. काचेवर अजून कागद लावलेला होता, त्यातून गाळून आल्यासारखा उजेड येत होता. पंखा मंद फिरत होता आणि सगळं कापड झोपेतल्या माणसासारखं सावकाश श्वास घेत होतं. इथे आलं की आपण जागे आहोत की नाही, अशी काकांना शंका यायची आणि ती शंका त्यांना आवडायची.

मॅनेजरसाहेबांनी आत डोकं घातलं. "काका, आवरा. बाहेर रांग लागलीय. आणि हे काय, आज चक्क कोट? लग्नबिग्न आहे का कुणाचं?"

"आमचंच. जुना माल आहे साहेब, म्हटलं सेलमध्ये बाहेर काढावा."

साहेब हसत गेले. काकांना मात्र हसू आलं नाही, कारण आज त्यांचा सगळा संसार पणाला लागला होता.

कोट बायकोनंच निवडलेला, अशाच एका सेलमधला. लग्नाआधी ती वरच्या मजल्यावर रिळं, बटणं आणि लेस विकायची. पहिल्यांदा दिसली ती जेवणाच्या सुट्टीत, समोरच्या फुटपाथवर, दिव्याच्या खांबापाशी. काका पुतळा उभा करत होते आणि ही कोण कुठली बाई बाहेरून तळहात हलवून सांगत होती, जरा डावीकडे. काकांना राग आला. उंटावरून शेळ्या हाकायला कुणाचं काय जातंय! पण बाहेर येऊन पाहिलं, तर पुतळा खरंच उजवीकडे सरकला होता. त्यानंतर काका मुद्दाम चुकीच्या जागी पुतळे ठेवू लागले. लग्न ठरेपर्यंत या काचेत एकही पुतळा जागेवर नव्हता, असं दुकानातले जुने लोक अजून सांगतात.

काचेतून आवाज जात नाही, म्हणून दोघांची खुणांची भाषा झाली. तळहात हलला की पुतळा सरकवायचा. गळ्यापाशी चिमूट धरली की कॉलर बघायची. दोन्ही हात झाडले की सगळी मेहनत पाण्यात, पुन्हा पहिल्यापासून. आणि मनासारखं झालं, की ती आपल्या केसांवरून हात फिरवायची. तो हात फिरेपर्यंत काका काचेतून बाहेर येत नसत. नोकरी सोडल्यावरही प्रत्येक सेलला ती खांबापाशी हजर असायची.

मग ती विसरू लागली. आधी चष्मा, मग वार, मग माणसं. संध्याकाळी काका घरी आले, की पाहुणा आल्यासारखं ती त्यांना पाणी विचारायची. एका दुपारी गॅस चालू ठेवून बाहेर पडली, शेजारच्या बाईंनी तिला भलत्याच रस्त्यावरून हाताला धरून आणलं. ते ऐकून परगावची मुलगी धावत आली.

"बाबा, तुम्ही दिवसभर दुकानात. आईला मी माझ्याकडे नेते. तिथे घरात सतत माणसं आहेत."

"सेलपर्यंत थांब," काका म्हणाले. "तिला खांबापाशी उभी कर. तिथून ती मला ओळखेल. नाही ओळखलं, तर ने. मी अडवणार नाही."

"अहो, घरात ओळखत नाही, तिथे कशी ओळखेल?"

"घरात मला कधी नीट बघितलंय तिनं?"

काकांनी काचेवरचा कागद ओढून काढला. ऊन एकदम आत आलं. समोर खांबापाशी मुलगी होती आणि मुलीचा दंड धरून ती.

हात हलवायचा, असं काकांनी रात्रभर ठरवलं होतं. पण आता हात उठेना. पुतळ्यांच्या मधोमध, हलणाऱ्या पिवळ्या-निळ्या कापडाखाली ते नुसते उभे राहिले. तिची नजर एका टोकापासून निघाली. पुतळीवरून, चादरींवरून, काकांवरून, पुढच्या पुतळ्यावरून गेली. काकांवर जेवढी थांबली, तेवढीच टॉवेलांवरही थांबली.

संपलं, काकांना वाटलं.

मग ती नजर परत आली. कपाळावर आठी पडली, जुनी, कामातली. तिचा हात सावकाश वर गेला आणि तिनं गळ्यापाशी चिमूट धरली.

काकांनी शेजारच्या पुतळ्याची कॉलर पाहिली. ठीक होती. दुसऱ्याची पाहिली. बाहेर ती वैतागून मान हलवत होती, तो नाही, मधला. काकांनी स्वतःच्या गळ्याला हात लावला. कोटाची कॉलर एका बाजूनं आत दुमडली होती. घरात आता ती सरळ करणारं कुणी नव्हतं. त्यांनी ती बाहेर काढून नीट बसवली.

तिनं तळहात हलवला. काका जरा डावीकडे सरकले. आणखी जरा. तिनं मान तिरकी करून पाहिलं आणि केसांवरून हात फिरवला.

दुकानाच्या रखवालदाराला खांबापाशी आईजवळ थांबवून मुलगी मागच्या छोट्या दारानं काचेत आली. तिचे डोळे वाहत होते.

"बाबा, ओळखलं तिनं! बघितलंत ना, खुणा केल्या!"

"काय म्हणाली?"

मुलीनं नजर शेजारच्या पुतळ्याकडे वळवली.

"खरं सांग."

"म्हणाली, मधला म्हातारा पुतळा फार छान केलाय. अगदी माणसासारखा."

काका ओठांतल्या ओठांत हसले. "मग काम ओळखलं गं तिनं. माणूस नाही."

"राहू दे बाबा. मी नाही नेत तिला."

"ने. उद्या परत गॅस चालू राहिला, तर तिला खूण करायला तिथे मी नसेन. संध्याकाळच्या गाडीनंच ने." दिलेला शब्द त्यांनी फिरवला नाही.

मुलीनं डोळे पुसले. "मग चला बाहेर. भेटा तरी तिला."

काकांनी काचेतून पाहिलं. दार उघडलं होतं, रांग आत लोटत होती, तिच्या दोन्ही बाजूंनी माणसं रस्ता ओलांडून दुकानाकडे धावत होती. ती मात्र खांबाला टेकून शांत उभी होती आणि बघत होती.

"थांब जरा," काका म्हणाले. "अजून बघतेय ती."

ते परत मधोमध गेले, तिथून जरा डावीकडे सरकले आणि तिनं सांगितलेल्या जागी न हलता उभे राहिले.