काजळीचा चेहरा

सिनेमावाल्यांना वाईट बाई हवी असली की ते आधी तिचा चेहरा जाळतात. पुढे डोकं चालवायला नको! छोटीची तळपायाची आग मस्तकात गेली ती याच गोष्टीवरून. मेकअपच्या खोलीत, हातात स्क्रिप्टची नवी पानं धरून ती येरझारा घालत होती.

छोटी नावालाच छोटी, चांगली चाळिशीची बाई. नकली जखमा, व्रण, तुटकी नाकं बनवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. थोरल्या बहिणीनं, ताईनं, घरात ठेवलेलं नाव सेटवर कसं पोचलं कुणास ठाऊक, पण दिग्दर्शकापासून चहावाल्यापर्यंत सगळे तिला छोटीच म्हणत. सिनेमा होता आकाशात उडणाऱ्या गगनवीरचा. त्याची कॉमिक्स दोघी बहिणींनी लहानपणी एका पांघरुणात शिरून वाचलेली. ताईचा जीव मात्र गगनवीरवर कधीच नव्हता. तिचा जीव त्याच्या वैरिणीवर, काजळीवर.

काजळी गिरणीत कामाला असते. मालकानं बाहेरून कुलूप घातलेल्या गिरणीला आग लागते. काजळी दार फोडते, आतल्या बायकांना ओढून बाहेर काढते आणि त्यात तिचा अर्धा चेहरा भाजतो. मालक नामानिराळा. मग ती त्याची गोदामं पेटवत सुटते, आणि आपला गगनवीर छाती काढून पहारा देतो कुणाच्या गोदामावर? मालकाच्या! ताई तेव्हाही चिडून म्हणायची, "याला विचारा रे कुणीतरी, आग लागली तेव्हा कुठे उडत होतास?" लहानपणीच शेगडी उलटून ताईच्या डाव्या गालापासून गळ्यापर्यंत भाजलं होतं. कॉमिक्सच्या सगळ्या ढिगात तिच्यासारखी दिसणारी एवढी एकच बाई होती.

नव्या पानांत गिरणीची आगच नव्हती. काजळी आता नुसती यायची, गोदाम पेटवायची आणि खदाखदा हसायची.

"आग कुठे गेली?" छोटीनं दिग्दर्शकाला गाठून विचारलं.

"कापली. लांबत होतं फार."

"मग ती अशी का वागते, ते लोकांना कळणार कसं?"

"अहो, चेहरा बघितला की कळतं," तो म्हणाला आणि क्रेनकडे निघून गेला.

छोटीच्या तोंडात आलेली शिवी तिनं गिळली, कारण त्या चेहऱ्याचं तिचं स्वतःचं एक लचांड होतं. काजळीचा व्रण घडवायला ती मातीचा गोळा घेऊन बसली तेव्हा समोर एकही फोटो ठेवला नव्हता. बोटं आपोआप चालली. साचा झाला, सिलिकॉनचा तुकडा निघाला, नटीच्या गालावर चिकटला, आणि आरशात बघून छोटीला कळलं. ओठाच्या कोपऱ्याची ती मुरड ताईची होती. सगळा गाल ताईचा होता. पण शूटिंग सुरू झालं होतं. कुणाला कळतंय, असं म्हणत तिनं वेळ मारून नेली.

आणि आज ताई सेटवर येणार होती.

ताई एका कंपनीच्या तक्रार विभागात फोनवर बोलायची. दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या आणि गोड आवाजात परत करायच्या. थिएटरात जाणं तिनं कधीच सोडलं होतं; मध्यंतरात दिवे लागले की माणसं पडद्याऐवजी तिच्याकडे बघत बसायची. पण काजळीचा सिनेमा पहिल्या दिवशी बघणार, असं तिनं ऑफिसभर सांगून ठेवलं होतं. आग कापल्याचं तिला सांगायची छोटीची छाती झाली नाही.

ताई आली आणि मेकअपच्या खोलीच्या दारातच दिव्याखाली थांबली. आत नटी खुर्चीवर बसली होती, तिचा गाल अजून कोराच होता. तेवढ्यात दिग्दर्शक आला. त्याला वाटलं, ही नटीची डुप्लिकेट, मेकअप करून तयार उभी आहे.

"वा!" तो ताईच्या गालाजवळ तोंड नेत म्हणाला. "आज झकास घाण दिसतंय! छोटी, ओठाशी अजून थोडं ओढ ना. पोरं किंचाळली पाहिजेत."

छोटी ब्रश टाकून पुढे झाली.

"ओढा की," ताई म्हणाली. "तुम्हीच ओढून बघा. निघालं तर मलाही हवंय."

तो झटकन मागे सरकला. "सॉरी, सॉरी... म्हणजे, इतकं खरं दिसत होतं, की..."

"ते राहू द्या. ही बाई गोदामं का जाळते?"

"ती... वाईट आहे ना, म्हणून."

"वाईट आहे हे कशावरून?"

त्यानं ताईच्या गालाकडे पाहिलं आणि घाईघाईनं नजर फिरवली. खुर्चीतून नटीच म्हणाली, "मीही तेच विचारतेय. मी चिडलेय कशावर?"

छोटीचा बांध फुटला. "कशावर कशाला? यांच्यावर चिड! यांच्या आळशीपणावर!" तिनं फळीवरचा साचा खाली ओढला आणि हातोडी उचलली. चिकटवलेला तुकडा काढताना फाटायचा, म्हणून रोज या साच्यातून नवा काढावा लागे. साचा गेला की काजळी गेली.

"खबरदार!" साच्यातला आपला गाल ओळखून ताई ओरडली. "तोंड माझं आहे ते. फोडायचं की नाही, ते मी ठरवीन." तिनं तो जड साचा पोटाशी धरला आणि चालती झाली. छोटी पर्स घेऊन तिच्यामागे पळाली.

टॅक्सीत ताईनं छोटीच्या पर्समधली नवी पानं वाचून काढली आणि साचा मांडीवर ठेवला. पोकळ बाजूत तिचाच गाल उलटा उमटला होता. त्यावरून ती बोट फिरवत राहिली.

"त्या गाढवाचं सोड," ती म्हणाली. "तू विचारलं होतंस मला?"

दिवसभर जगाशी भांडलेली छोटी पर्सची चेन उघडत-लावत बसली.

"मी बोलतेय, छोटे."

"भाजलेला चेहरा म्हटलं की मला दुसरा येतच नाही गं," छोटी म्हणाली आणि रडायला लागली. "पण विचारायला हवं होतं."

"हवंच होतं." ताईनं तोंड खिडकीकडे वळवलं. तिचा राग गेला नव्हता, आणि जावा असं तिला वाटतही नव्हतं.

छोटीचा फोन वाजला. दिग्दर्शक होता. अर्धा सिनेमा त्याच व्रणावर शूट झाला होता, दुसरा चेहरा जुळणार नव्हता. साचा परत द्या, वाटेल ते देतो, असं तो काकुळतीनं म्हणत होता. ताईनं फोन काढून घेतला.

"नमस्कार," तिनं ऑफिसातला मधाळ आवाज काढला. "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे. काजळी आगीत शिरते, ते दाखवा. कुणाला घेऊन बाहेर येते, तेही दाखवा. ते खदाखदा हसणं काढा. मग साचा मिळेल."

पलीकडून बरंच काही ऐकू आलं. लांबी, खर्च, निर्माता.

"आणि कानामागचा व्रण राहिलाय," ताई म्हणाली. "तो आमची छोटी नीट करेल. या वेळी माझ्याकडे बघून. कृपया लाइनवर राहा."

तिनं फोन साच्यात पालथा ठेवला आणि त्याला तसाच बोलत राहू दिलं.