सात जणांचं कापड

गोदामाचं छत कोसळलं आणि शिवणकाम करणाऱ्या बाईंची दोन्ही मुलं गेली. त्यांच्याबरोबर आणखी पाच हमाल गेले. ते लांबून कामाला आलेले, इथं त्यांचं कुणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी शवागाराच्या कारकुनाने कागद पुढे सरकवला. "सही करा, ताई. तुमचे दोघं घेऊन जा."

"आणि बाकीचे?"

"बेवारस. शनिवारी एकाच खड्ड्यात."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग माझेही इथंच राहू देत." स्टूल ओढून त्या दाराशीच बसल्या.

धाकटे दीर समजवायला आले. प्रार्थनाघरात हिब्रू शास्त्र वाचून सांगायचं काम त्यांच्याकडे होतं. "वहिनी, आपलं दुःख काय कमी आहे? लोकांचं कशाला डोक्यावर घेता?"

"ती गोष्ट तुम्हीच वाचलीत ना, भाऊजी? राजाने सात जणांना फासावर जाऊ दिलं. दोन एका बाईचे, पाच दुसरीचे. ती पहिली खडकावर बसून प्रेतांवरची पाखरं हाकलत राहिली. फक्त आपल्या दोघांवरची हाकलली का?"

"नाही. सातही जणांवरची. शेवटी राजाच्या कानावर गेलं, तेव्हा त्याने सगळ्यांच्या अस्थी गोळा करवल्या."

एवढं बोलून दीर आत गेले. मग स्वतःसाठी दुसरं स्टूल घेऊन आले.

मुकादमाला गाठून दिरांनी हमालांच्या घरचे पत्ते मिळवले, फोन लावले. चार घरं लागली. पाचव्याचं नावगाव मुकादमालाही ठाऊक नव्हतं. सगळे त्याला लंबू म्हणायचे.

शुक्रवारी शवागाराचे मोठे साहेब आले. "किती दिवस बसणार, बाई?"

"सात खड्डे होईपर्यंत."

साहेबांनी तिथंच उभ्याउभ्या सात वेगळ्या कबरींच्या परवानगीवर सही केली.

घरी जाऊबाईंनी कफनासाठी कपाटातलं तलम पांढरं कापड काढलं. "हे दोघांपुरतंच होईल गं."

"मग ठेव आत." बाईंनी साध्या मांजरपाटाचा तागा उलगडला आणि सातही जणांचं त्यातूनच बेतलं. लंबूला हातभर जास्त लागलं.

शनिवारी ओळीने सात कबरी झाल्या. चौघांची माणसं पोचली होती. लंबूचं कुणी नव्हतं, म्हणून बाई दिरांना म्हणाल्या, "प्रार्थनेला त्याच्यापासून सुरुवात करा."

सगळं उरकल्यावर त्या आपल्या धाकट्या मुलाच्या मातीपाशी बसल्या आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ओक्साबोक्शी रडल्या.